‘आणी’ लिहिणाऱ्यांनी माझं मराठी तपासलं, आणि माझे १३,४५९ रुपये गेले

नोंदणी फी मागणारं काम खोटं असतं हे मला माहीत नव्हतं, असं कुणी समजू नये. मी मराठीत एम. ए. केलंय, दिवाळी अंकांत दोन कथा छापून आल्यात. पण घरबसल्या लेख लिहायचं ऑनलाइन काम देणाऱ्या ह्या लोकांनी आधी पैसे मागितले नाहीत, आधी दिले. ‘उन्हाळ्यात त्वचेची काळजी’ असा चाचणी लेख घेतला आणि तासाभरात २०० रुपये यूपीआयवर जमा केले. लेखनाचे पैसे असे हातोहात मला कुणी कधी दिले नव्हते. तिथेच मी फसले.

मग १,४९९ रुपये नोंदणी, ऑनलाइन करारनामा, त्यावर माझी सही आणि आधारची प्रत. (आधार कुणालाही देऊ नका. ते त्यांच्याकडे आहे ही धास्ती पैसे गेल्यावरही जात नाही.) १० दिवसांत ४० लेख, लेखाला ३०० रुपये, म्हणजे १२,०००. मुलगी झोपली की रात्री दोन-दोन वाजेपर्यंत टाइप करत बसायचे. नवव्या दिवशी चाळीसही लेख दिले. मग म्हणाले, १२,००० वर १८ टक्के जीएसटी आधी भरा, बिलाबरोबर परत मिळेल. २,१६० भरले. काम करणाऱ्याने स्वतःचीच मजुरी मिळवायला आधी कर का भरायचा, हा साधा प्रश्न मला पडला नाही. इतक्या रात्रींचं जागरण होतं, डोकं चालत नव्हतं.

पण खरा क्षण त्यानंतरचा आहे, आणि तो अजून झोपू देत नाही. त्यांचा ‘क्वालिटी रिपोर्ट’ आला: अचूकता ६१ टक्के, काम नामंजूर. माझ्या लेखातल्या ‘आणि’खाली लाल रेघ, आणि शेजारी सुधारणा: ‘आणी’. ‘चुकीचे’ हा शब्द त्यांनी ‘चुकिचे’ लिहिला होता. मी ते वाचलं. हसले नाही, चिडले नाही, उठून शब्दकोश काढला. माझंच चुकलं असेल, असं वाटलं मला! ज्याला ‘आणि’ लिहिता येत नाही तो माझं मराठी तपासतोय, हे समोर दिसत असताना मी स्वतःवर शंका घेतली. तिथे थांबले असते तर पुढचे ९,८०० वाचले असते.

कारण दोन दिवसांनी ‘वकिलाची नोटीस’ आली. करारभंग, ९,८०० दंड, ४८ तासांत भरा, नाहीतर पोलीस घरी येतील. ह्यांना काही सांगितलं नव्हतं, सासूबाई घरात. भिशीचे पैसे होते, ते पाठवले. लगेच केस मागे घ्यायला आणखी १५,००० मागितले, तेव्हा कुठे मामांना फोन केला. ते वकील आहेत. नोटिशीवर वकिलाचा सनद क्रमांकच नव्हता. करारात लिहिलेला दंड आपोआप द्यावा लागत नाही, १८७२च्या करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाई किती ते न्यायालय ठरवतं, आणि त्यासाठी पोलीस कुणाला उचलत नाहीत. हे आधी विचारायला काय झालं होतं मला? लाज. लाजेपायी गप्प बसू नका.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: “ओटीपी दिला होता का?” नाही. “मग पैसे तुम्हीच पाठवलेत ना?” करार दाखवला तर म्हणे ही दिवाणी बाब, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले आधी तुमच्या ठाण्यातून पत्र आणा. ठाण्यातले साहेब बंदोबस्ताला. तीन खेपा, प्रत्येक वेळी रिक्षाचे १४० रुपये. एकजण तर म्हणाला, “ताई, लोकांचे चाळीस-चाळीस लाख जातात.” म्हणजे तेरा हजार गेले तर तक्रारच करायची नाही? खोटी ओळख सांगून ऑनलाइन फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली गुन्हा आहे, हे मी त्यांना सांगायचं? बँकेत तेच: पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काय करणार.

पैसे गेले की त्याच तासात १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (प्रत्येक व्यवहाराला बँक देते तो ओळख क्रमांक) हाताशी ठेवा. मी सहाव्या दिवशी केला, तोवर खातं रिकामं झालं होतं. चॅट पुसू नका. ‘परत मिळेल’ म्हणून कुणी पैसे मागितले की तिथेच फोन ठेवा.

सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर माझी तक्रार अजून ‘प्रक्रियेत’ दिसते. सोमवारी पुन्हा जातेय, चाळीस लेखांची आणि त्या ‘आणी’वाल्या रिपोर्टची प्रिंट घेऊन. यावेळी ह्यांनाही बरोबर नेणार आहे.