पीएलएफएसचा कच्चा डेटा : काही महिने वापरल्यानंतर

बेरोजगारीचा दर एवढंच हवं असेल, तर पीएलएफएसच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या नियमित श्रमशक्ती सर्वेक्षणाच्या (पीरियॉडिक लेबर फोर्स सर्व्हे), फायली उतरवून घ्यायच्या फंदात पडू नका. तो आकडा पेपरात येतो, वार्षिक अहवालात असतो आणि या सर्वेक्षणातला सगळ्यात कमी कामाचा आकडा तोच आहे, असं आता माझं ठाम मत झालंय. गरीब घरातल्या माणसाला बेरोजगार राहणं परवडत नाही. तो काहीतरी करतच असतो. प्रश्न असतो तो काय करतो, कुणासाठी करतो आणि हातात किती पडतात याचा. ते या डेटात आहे, आणि भरपूर आहे.

माझं काम ग्रामीण महाराष्ट्रातल्या बायकांच्या रोजगारावर. त्यासाठी 2017-18 ते 2023-24 या सगळ्या वर्षांच्या फायली घेऊन बसलेय. पूर्वी राष्ट्रीय नमुना पाहणीची रोजगार-बेरोजगारी फेरी साधारण पाच वर्षांनी एकदा व्हायची. तिचा पाया दांतवाला समितीच्या 1970 च्या अहवालातला, आणि शेवटची फेरी 2011-12 ची. एप्रिल 2017 पासून पीएलएफएस सुरू झालं आणि दरवर्षी ताजा डेटा मिळू लागला. तोही फुकट. केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा पोर्टलवर नाव नोंदवायचं आणि उतरवून घ्यायचा. पहिल्याच वर्षात 1,02,113 घरं आणि 4,33,339 माणसं आहेत. एकट्या संशोधकाला आयुष्यभर फिरूनही एवढं जमायचं नाही.

पहिले काही दिवस मात्र डोकं पिकतं. टेक्स्ट फाइल उघडली की आकड्यांची सलग माळ दिसते. कुठला अंक कुठल्या रकान्याचा हे लेआउटच्या एक्सेलमध्ये बघून स्टाटा किंवा आर या सांख्यिकी सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. मग वेट, म्हणजे नमुन्यातलं एक माणूस किती माणसांच्या जागी धरायचं तो आकडा. फायलीतले एनएसएस आणि एनएससी नावाचे दोन रकाने सारखे असतील तर मल्टिप्लायर नावाच्या रकान्यातला आकडा भागिले 100, नसतील तर भागिले 200, आणि वर्षाचा अंदाज हवा असेल तर तिमाहींच्या संख्येनंही भागायचं. हे झालं की अहवालातला एखादा छापील तक्ता स्वतः काढून बघा. दशांशापर्यंत जुळल्याशिवाय पुढे सरकू नका. एकूण माणसं मोजायलाही हा डेटा वापरू नका, बेरीज लोकसंख्येच्या अंदाजापेक्षा कमीच भरते. प्रमाण इथून घ्यायचं आणि ते जनगणनेवर बेतलेल्या लोकसंख्येला लावायचं, ही जुनी रीत बरी.

आता खरा माल, म्हणजे कामाचे कोड. 11 म्हणजे स्वतःचा धंदा किंवा शेती, 21 म्हणजे घरच्या धंद्यात बिनपगारी मदत, 31 पगारी नोकरी, 51 रोजंदारी, 81 कामाच्या शोधात, 92 फक्त घरकाम, 93 घरकाम आणि शिवाय सरपण, चारा वगैरे गोळा करणं. एक बाई डोळ्यासमोर आणा. दीड एकर कोरडवाहू, दोन म्हशी, खुरपणीच्या दिवसांत शेजारच्या रानात मजुरी. दारात आलेल्या माणसाला तिचा नवरा किंवा सासरा सांगणार, "ती होय? घरीच असते." विचारणाऱ्यानं तिथेच पेन टेकवलं तर ती 92. "म्हशींचं कोण बघतं?" असं विचारलं तर 21. बाई तीच, राबणं तेच. एका कोडात ती श्रमशक्तीच्या, म्हणजे काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्यांच्या, बाहेर, दुसऱ्यात आत. वर्षातले 30 दिवस काम केलं तरी दुय्यम काम म्हणून धरतात, त्यामुळे खोदून विचारण्यावर फार काही अवलंबून राहतं.

म्हणूनच ग्रामीण महिलांचा श्रमशक्तीतला सहभाग 2017-18 मधल्या 24.6 टक्क्यांवरून 2023-24 मध्ये 47.6 टक्क्यांवर गेला, हे वाचून मी ना टाळ्या वाजवते ना तो आकडा खोटा म्हणते. कोड फोडून बघा. देशभरातल्या कामकरी महिलांमध्ये स्वयंरोजगारातल्या 51.9 टक्के होत्या, त्या 67.4 टक्के झाल्या. म्हणजे वाढ पगारी नोकरीच्या बाजूला झालेली नाही. स्वयंरोजगारात 21 कोडच्या बायकाही येतात, आणि त्यांच्या नावावर कमाई नसतेच. शेतीचा पैसा घरधन्याच्या ओळीत जातो. अहवालातली स्वयंरोजगाराची सरासरी कमाई वाचताना हे ध्यानात ठेवा.

सगळ्यात मोठी खोट ऊसतोडीत दिसते. बीडचं कुटुंब दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतं आणि उन्हाळ्यात परततं. त्या काळात गावातल्या घराला कुलूप, तिथे बदली घर निवडलं जातं. कारखान्याच्या फडाजवळच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, घरांच्या यादीत येतील याची खात्री नाही. त्यातून एखादं कुटुंब सापडलंच, तरी कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडीची, मजुरी टनावर. प्रश्नावलीत मात्र एका माणसापुढे रोजची एक रक्कम. बाईच्या वाट्याचे पैसे कुणी कसे लिहावेत? 2020-21 मध्ये स्थलांतराचे जादा प्रश्न होते, पण ते वर्ष कोविडचं. या विषयावर काम करायचं तर मुकादमांकडे, म्हणजे तोडीच्या टोळ्या नेणाऱ्यांकडे, आणि फडावर जाण्याला पर्याय नाही.

जिल्ह्याचे आकडे मागणाऱ्यांनाही सांगते, या वर्षांच्या डेटातून ते काढू नका. जिल्ह्याचा कोड आहे म्हणून गडचिरोलीच्या तरुणींचा बेरोजगारी दर काढणं म्हणजे मूठभर ओळींवर इमारत बांधणं. नमुना पाहणीचे महाराष्ट्रात सहा विभाग आहेत. मी विभागाच्या खाली उतरत नाही, आणि तिथेही दोन-तीन वर्षं एकत्र करते. 2011-12 शी तुलना करतानाही जपून. तेव्हा घरं निवडताना सुबत्ता बघत, पीएलएफएसमध्ये घरात दहावी झालेले किती हे बघू लागले.

जानेवारी 2025 पासून रचना पुन्हा बदलली. नमुना मोठा झाला, दर महिन्याला आकडे येऊ लागले, आणि एकाच घरी पुन्हा पुन्हा जाण्याची पद्धत, जी आधी फक्त शहरात होती, ती गावातही आली. आता सलग चार महिने तेच घर. एप्रिल 2025 चा बेरोजगारीचा पहिला मासिक दर 5.1 टक्के आला आणि लगेच "3.2 वरून 5.1!" अशी ओरड झाली. 3.2 हा 2023-24 चा वर्षभराच्या नेहमीच्या कामावरचा दर, 5.1 मागच्या सात दिवसांवरचा, ज्यात एक तास काम केलं तरी माणूस कामावर धरतात. सात दिवसांच्याच मोजमापाने 2023-24 चा दर 4.9 होता. आणि 4.9 च्या पुढेही 5.1 सरळ जोडू नये, कारण मधे नमुन्याची रचनाच बदललीय. मी माझी मालिका 2023-24 ला थांबवली आहे. नव्या डेटासाठी वेगळी फाइल केलीय, आणि तिच्यात पहिल्यांदा बघणार आहे ते ऊसतोडीच्या महिन्यांत मराठवाड्यातली किती घरं पुढच्या भेटीत सापडत नाहीत ते.