युआन शिकाईचा डॉलर: वजन बरोबर, नाणं खोटं

फसलेल्या माणसाची हकिगत जवळजवळ ठरलेली असते. चीनमध्ये फिरायला गेलेला प्रवासी जुन्या वस्तूंच्या बाजारात शिरतो. विक्रेता चांदीचं नाणं दोन बोटांत धरतो, कडेवर जोरात फुंकर मारतो आणि पटकन गिऱ्हाइकाच्या कानाशी नेतो. बारीक, लांबत जाणारा नाद ऐकू येतो. खणखणीत वाजला की बंदा रुपया, हे भाषेतच मुरलेलं असल्यामुळे मराठी माणूस इथेच विरघळतो. तो नाद खरा असतो, कारण कानाशी धरलेलं नाणं खरं असतं. पुडीत बांधून मिळतं ते दुसरंच.

हे नाणं म्हणजे चिनी प्रजासत्ताकाचा अध्यक्ष युआन शिकाई याचं मुंडकं असलेला डॉलर. चिनी लोक त्याला ‘युआन दातोऊ’ म्हणजे ‘मोठ्या डोक्याचा युआन’ म्हणतात. व्यास ३९ मिलिमीटर, चांदी ८९ टक्के, वजन साधारण २६.५ ते २६.९ ग्रॅम, फार झिजलं असेल तर थोडं कमी. म्हणजे एका नाण्यात सुमारे २३.८ ग्रॅम शुद्ध चांदी. त्या दिवशीच्या भावाने तेवढ्या चांदीची किंमत काढा. विक्रेता त्याहून कमी मागत असेल तर पुढे काही तपासायची गरजच नाही. वितळवली तरी जास्त पैसे देणारी वस्तू कोण कमी पैशांत विकेल?

मग वर्ष. डोक्यावरची अक्षरं उजवीकडून डावीकडे वाचायची. या डॉलरवर प्रजासत्ताकाची ३, ८, ९ आणि १० एवढीच वर्षं येतात, म्हणजे १९१४, १९१९, १९२० आणि १९२१. तिसऱ्या वर्षाच्या नाण्यावर सहा अक्षरं, बाकीच्यांवर सात. तीनचा आकडा म्हणजे तीन आडव्या रेघा, दहाचा म्हणजे अधिकचं चिन्ह. ‘दुर्मीळ वर्ष’ म्हणून यापलीकडचं काही पुढे आलं तर नमस्कार करून निघा. ठसा कोरणाऱ्या लुईजी जॉर्जीची रोमन लिपीतली सही असलेली नाणी फक्त नमुन्यादाखल, अगदी थोडी पाडली होती. ती फुटपाथवर मिळत नाहीत.

लोहचुंबकाची परीक्षा पास झाली म्हणून हुरळू नका. तांबं, पितळही चुंबकाला चिकटत नाही. नुसत्या वजनावरही विसंबू नका, कारण हलक्या धातूचं नाणं जरा जाड केलं की वजन जुळतं. पाण्यात मात्र ते उघडं पडतं. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पूर्ण बुडेल असं अधांतरी धरा. तळाला किंवा काचेला टेकलं तर आकडा भलताच येतो. पृष्ठभागावर बुडबुडे राहिले तरी चुकतो, म्हणून पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका. आता कोरडं वजन या आकड्याने भागा. २६.७ ग्रॅमच्या खऱ्या नाण्याला काटा २.६ च्या आसपास दाखवतो आणि भागाकार १०.३ येतो. तांबं-निकेलच्या नाण्याला ३.०, पितळेच्या नाण्याला ३.१ च्या पुढे.

चांदीतच केलेली नक्कल इथूनही सुटते. तिच्यासाठी दहापट भिंग हवं. खरी झीज आधी उंचवट्यांवर होते: गाल, कानावरचे केस. खोलगट जागा आणि अक्षरांच्या कडा बऱ्याच तीक्ष्ण राहतात. ओतीव नाण्यात सगळंच सारखं बोथट असतं, वापरलेल्या साबणावरच्या अक्षरांसारखं. जोडीला सुईच्या टोकाएवढे खड्डे, आणि कडेच्या दात्यांवर कधी घासून पुसलेली जोडाची रेघ. काळपटपणा अ‍ॅसिटोनच्या बोळ्यावर उतरला तर तो रंग होता. चांदीवर वर्षानुवर्षं चढलेला काळा थर अ‍ॅसिटोनने जात नाही.

प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीतलं नाणंही सुटत नाही. नाणी तपासून डबीत सीलबंद करणाऱ्या पीसीजीएस आणि एनजीसी या कंपन्यांच्या डब्यांच्या हुबेहूब नकला निघतात आणि त्यांवर खऱ्या नाण्याचाच क्रमांक छापलेला असतो, त्यामुळे क्रमांक संकेतस्थळावर सापडतोही. तिथला फोटो उघडून एखादा ओरखडा, एखादा डाग हातातल्या नाण्याशी ताडून पाहा. सुटं नाणं घेत असाल तर तपासलेलं नाणं पैसे देईपर्यंत स्वतःच्याच मुठीत ठेवा. ‘चांगल्या डबीत घालून देतो’ म्हणून ते परत मागितलं जाईल.