मास्टर की ताओम? पूलच्या स्टिकला कुठला चॉक घ्यावा

भाच्याने पहिल्या पगारातून स्वतःची स्टिक घेतली. मेपलची, मधोमध स्क्रूने जोडायची, सोबत कडक पिशवी. दुसऱ्याच दिवशी सकाळी फोन. "मामा, चॉक कुठला घेऊ? मास्टरच्या बारा वड्यांचा डबा आहे आणि एक ताओम आहे. ताओमच्या एका वडीच्या किमतीत मास्टरचा अख्खा डबा येतो, वर पैसे उरतात. एवढं असतं काय त्यात?"

प्रश्न रास्त आहे. मी फोंडा, म्हापसा, अधूनमधून मडगाव असा पूल पार्लरांत वीसेक वर्षं खेळतोय. स्पर्धेतला खेळाडू म्हणाल तर नाही. टेबलाचं भाडं हरणाऱ्याने भरायचं, त्या गटातला. पण एवढ्या वर्षांत चॉकवर बरेच पैसे घातले, त्यातले काही वायाही घातले. म्हणून त्याला फोनवर जे तुटक सांगितलं ते इथे जरा सविस्तर.

आधी एक गैरसमज काढून टाकू. पूलचा चॉक, म्हणजे बॉल मारताना सटकू नये म्हणून स्टिकच्या टोकावरच्या चामड्याच्या टिपला घासायची वडी, हा खडू नाही. कॉलेजात असताना एका संध्याकाळी आमच्या पार्लरमधल्या सगळ्या वड्या संपल्या होत्या, मालक चवथीच्या माटोळीचं सामान आणायला बाजारात. आमच्यातल्या एकाने शेजारच्या शिकवणीतून फळ्यावरचा खडू आणला. टिप पांढरीशुभ्र झाली, दिसायला झकास. पहिल्याच साइडच्या शॉटला, म्हणजे फिरकीसाठी बॉलच्या बाजूला मारताना, टिप सटकली आणि व्हाइट, म्हणजे स्टिकने मारायचा पांढरा बॉल, कुशनवरून (टेबलाच्या रबरी कडेवरून) उडून थेट शेजारच्या टेबलाखाली. फळ्यावरचा खडू आपल्याकडे जिप्समचा असतो, मऊ. तो टिपवर पावडरसारखा बसतो आणि उलट घसरवतो. पूलच्या चॉकमध्ये सिलिका आणि ॲल्युमिनियम ऑक्साइडसारखे कठीण कण असतात, त्यात रंग आणि सगळं धरून ठेवणारा पदार्थ. नात्याने तो पॉलिश पेपरच्या जवळचा. विल्यम स्पिंक्स हा अमेरिकन बिलियर्ड्सपटू आणि शिकागोचा रसायनतज्ज्ञ विल्यम हॉस्किन्स यांनी १८९७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. स्पिंक्सला फ्रान्समध्ये खडूसारखा एक तुकडा मिळाला होता, त्याने शॉट फार चांगले बसायचे. हॉस्किन्सने तो तपासला तर एटना ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड निघाला! त्याच्यासारखं काहीतरी कारखान्यात बनवायच्या खटपटीतून ही निळी वडी आली.

आता मुद्द्याचं. टिप व्हाइटला टेकते ती सेकंदाचा जेमतेम हजारावा भाग. तेवढ्यात ती एक तर पकडते, नाहीतर सटकते. हे समजून घ्यायचं असेल तर ९ ते १५ पैकी कुठलाही पट्ट्याचा बॉल घ्या आणि पट्टा आडवा येईल असा टेबलावर ठेवा. पट्ट्याची वरची आणि खालची कड ही ढोबळमानाने तुमची लक्ष्मणरेषा. पूलचा बॉल ५७.१५ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे ही रेषा मध्यापासून सुमारे १४ मिलिमीटरवर येते. रेषेच्या आत मारलं आणि टिपला नीट चॉक असेल तर पकड बसते. बाहेर गेलात की वडी कितीही भारी असो, मिसक्यू, म्हणजे टिप सटकणं, ठरलेला. भाच्याला मी हाच प्रयोग करायला सांगितला. व्हाइटच्या जागी ११ नंबरचा बॉल ठेव, पट्ट्याच्या खालच्या कडेवर मार आणि मारून झाल्यावर चॉकचा डाग कुठे पडला ते बघ. तो म्हणाला, "मी समजत होतो त्याच्या कितीतरी खाली लागतंय." बहुतेकांचे मिसक्यू इथूनच येतात, आणि दोष बिचाऱ्या चॉकला.

दुसरं त्याहून महत्त्वाचं. पकड एकदा बसली की बसली. जास्त चांगल्या चॉकने जास्त फिरकी येत नाही. फिरकी ठरते ती मध्यापासून किती लांब आणि किती जोराने मारलं यावर. "हा चॉक लावल्यापासून माझा स्क्रू दोन फूट जास्त येतो" (स्क्रू म्हणजे व्हाइटला मागे आणणारी फिरकी) असं सांगणारा माणूस प्रत्येक पार्लरमध्ये असतो. खोटं बोलत नाही तो. महागाची वडी आणली म्हणून त्याने सहा महिन्यांत पहिल्यांदाच टिप घासून खरखरीत केली आणि प्रत्येक शॉटआधी मन लावून चॉक लावला, एवढंच झालेलं असतं.

मग जास्तीचे पैसे जातात कुठे? दोन ठिकाणी. एक, लावलेला थर किती शॉट टिकतो. दोन, बॉलवर, टेबलाच्या कपड्यावर, हातावर किती घाण करतो.

स्वस्तातले

मास्टर हा शिकागोच्या ट्वीटन कंपनीचा. बाराच्या डब्यात येतो, पार्लरवाले १४४ चा मोठा खोका घेतात. ट्रायँगलही त्याच घरचा. अनेक वर्षं व्यावसायिक स्नूकरवाल्यांच्या खिशात हिरवा ट्रायँगलच असायचा. सिल्व्हर कप याच पंगतीतला. हे तिन्ही कोरडे, भुरभुरे. टिपवर पटकन बसतात आणि पटकन उडतातही, म्हणून प्रत्येक शॉटआधी लावायचे. हा दोष म्हणून सांगतात, पण नवशिक्यासाठी मला तो फायदाच वाटतो. शॉटआधी थांबायची, टेबलाकडे बघायची सवय त्यातून लागते.

खरा दोष धुळीचा. मास्टरने जोरात साइड मारा आणि व्हाइट उचलून मोबाइलच्या टॉर्चखाली धरा. हळदीकुंकवाच्या बोटाएवढा निळा ठिपका, बोट फिरवलं की पुसून पसरतो. हाच ठिपका व्हाइट आणि दुसरा बॉल यांच्या बरोबर मध्ये आला की दोन्ही क्षणभर एकमेकांना चिकटल्यासारखे होतात. स्नूकरवाले याला किक म्हणतात. कट कमी बसतो, म्हणजे बॉल हवा तेवढा तिरका जात नाही, आणि तो पॉकेटच्या तोंडाशी येऊन थांबतो. तुम्ही नीट मारलेलं असतं, टेबलाचं भाडं मात्र तुम्हीच भरता. रोज होत नाही हे, पण शेवटच्या काळ्यावर झालं की महिनाभर आठवतं.

महागातले

ताओम फिनलंडचा. गेल्या काही वर्षांत स्नूकरच्या बऱ्याच व्यावसायिकांनी हिरवा ट्रायँगल सोडून तो धरला, ते मुख्यतः किक कमी व्हावी म्हणून. बॉलवर डाग कमी पडतो आणि थर जास्त टिकतो. लावायचा मात्र अगदी हलका. मास्टरच्या सवयीने खसाखसा घासलात तर पैसेही जातात आणि स्वच्छतेचा फायदाही. कामुई जपानचा, ही मंडळी चामड्याचे थर चिकटवून केलेल्या टिपांसाठी नावाजलेली, चॉकही त्याच दर्जाचा आणि त्याच किमतीचा. त्याचा थर चिवट बसतो, दर शॉटला हात वडीकडे जायची गरज पडत नाही. ब्लू डायमंड इटलीच्या लोंगोनीचा. किमतीने मधल्या पायरीवर, कण बारीक, धूळ मास्टरहून कमी. ज्याला मास्टरचा कंटाळा आला पण ताओमवर पैसे टाकायला मन होत नाही, त्याने इथे थांबावं. प्रेडेटर वगैरे आणखीही आहेत, पण नवी स्टिक घेतलेल्याने एवढ्या फांद्या मोजत बसू नये.

माझं खरं म्हणणं इथे आहे आणि ते कुठल्या खोक्यावर छापलेलं नसतं. स्वच्छ चॉकचा फायदा घ्यायचा तर टेबलावरचा प्रत्येकजण स्वच्छ चॉक वापरणारा हवा. बॉल सगळ्यांचे, चॉक तुमच्या एकट्याचा. तुम्ही ताओम हलकेच लावून शॉट मारला आणि समोरच्याने पार्लरची मधोमध भोक पडलेली वडी फिरवून मारलं, की व्हाइटवर त्याची निळी धूळ बसलीच. त्यात मघाशी कोणीतरी मिरची भजी खाल्लेल्या हातांनी रॅक (सुरुवातीचा बॉलचा त्रिकोण) लावलेला. बॉल आठवड्यात एकदा पुसले जात असतील तर नशीब. अशा टेबलावर ताओमचा अर्धा फायदा पाण्यात जातो. राहतो तो थर टिकण्याचा, आणि त्यासाठी एवढे पैसे द्यायचे का, हे ज्याचं त्याने ठरवावं. घरी टेबल असेल, किंवा ठरलेले चारजण आपले बॉल धुऊन खेळत असतील, किंवा स्पर्धेला उतरायचं असेल, तर हिशोब उलटा फिरतो. तिथे मी डोळे मिटून महागाचा घेईन.

आणखी एक खर्च कोणी धरत नाही, तो हरवण्याचा. पार्लरमध्ये कुशनवर ठेवलेली वडी ही सार्वजनिक मालमत्ता असते. मास्टर गेला तर डब्यातला दुसरा काढायचा. मी कामुईची एक वडी दोन आठवड्यांत गमावली, तीही रस ऑमलेट खायला बाहेर गेलो त्या पंधरा मिनिटांत. महागाचा घेणार असाल तर कमरेच्या पट्ट्याला लावायचा चुंबकाचा होल्डर सोबतच घ्या.

आपल्या हवेत

आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतीसुद्धा घाम गाळतात. पणजीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि हवेतला ओलावा कपड्यात, टिपच्या चामड्यात, वडीत, सगळीकडे शिरतो. दमट वडीचा थर सारखा बसत नाही, टिपवर लपका येतो. एक कड जाड आणि एक कोरडी, अशा टिपने साइड मारली की पकड नशिबावर. यावर उपाय स्वस्त आहे. बिस्किटाचा हवाबंद डबा, आत बुटांच्या खोक्यात येते ती सिलिका जेलची पुडी, आणि वड्या त्यात. भाच्याची आजी कापराच्या वड्यांत मिरी टाकून ठेवते, तशीच ही निगा समजा. डबा मात्र प्रत्येक चॉकला लागतो, मास्टर असो की ताओम.

पावसाळ्यात लोक हाताला टाल्कम पावडर चोपडतात. ती घामात मिसळते, कपड्यावर उतरते, तिथे चॉकच्या धुळीशी मिळून राखाडी लेप तयार होतो आणि तो लेप बॉलला चिकटतो. त्याऐवजी तीन बोटांचा ग्लव्ह घालावा. ताओम आणि मास्टर यांच्यातल्या फरकापेक्षा ग्लव्हने पडलेला फरक मला जास्त जाणवला.

रंग? टेबलाचा कपडा निळा असेल तर निळा चॉक, हिरवा असेल तर हिरवा. पकडीत काही फरक पडत नाही, पण हिरव्या कपड्यावर निळे डाग पडलेले पार्लरवाल्याला दिसतात आणि मग तो तुमच्याकडे बघतो.

लावण्याची रीत शब्दांत सांगायला कठीण आहे, तरी प्रयत्न करतो. वडी टिपवर ठेवून गरागरा फिरवायची नाही. त्याने मध्ये भोक पडतं, कडा टिपखालच्या पांढऱ्या रिंगला घासून ती निळी होते, आणि टिपचा नेमका काठ कोरडा राहतो. साइडला तोच काठ लागतो. स्टिक तिरकी धरा, वडीची कड टिपवर आतून बाहेर हलके ओढा, स्टिक थोडी वळवा, पुन्हा ओढा. चार-पाच ओढींत होतं. मग टिप उजेडाकडे धरून बघा. चकाकणारी जागा दिसली तर तिथे चॉक नाही. आणि टिपच घासून घासून काचेसारखी झाली असेल तर कुठलाच चॉक धरणार नाही. आधी टिप खरखरीत करून घ्या. हे सगळं टेबलापासून बाजूला उभं राहून करायचं, आणि वडी कुशनवर ठेवताना चॉकची बाजू वर. उलटी ठेवलेली वडी बघून आमच्या पार्लरचा म्हातारा मालक जो आवाज काढायचा, तो अजून कानात आहे.

तर निर्णय असा. स्टिक नवी, खेळ पार्लरमध्ये, आठवड्यातून दोनदा: मास्टरचा किंवा ट्रायँगलचा डबा, हवाबंद डबा, टिप घासायची पट्टी, ग्लव्ह. एवढं मिळूनही एका महागाच्या वडीच्या जवळपासच बसेल. वर्षभराने मिसक्यू क्वचित होऊ लागले आणि पॉट (बॉल पॉकेटात घालणं) हुकल्यावर "हा माझा दोष की किकचा" असा प्रामाणिक प्रश्न पडू लागला, की ब्लू डायमंड. स्वतःचं टेबल, स्पर्धा किंवा स्वच्छतेचं वेड असेल तर ताओम. दर शॉटला वडी हातात घ्यायचा कंटाळा असेल तर कामुई. शेवटचे दोन ऑनलाइन घेताना किंमत सगळीकडच्या निम्म्याने दिसली तर हात आखडता घ्या, नकली माल फिरतो.

भाच्याने मास्टरचा डबा घेतला. बारापैकी चार वड्या सध्या माझ्या पिशवीत आहेत, त्याला अजून पत्ता नाही.