इंजेक्टरचे पैसे घेतले, टाकल्या फक्त रिंगा, त्याही चुकीच्या

घरात पंधरा वर्षांपुढची पेट्रोल गाडी असेल आणि ती आईवडील चालवत असतील, तर हे नक्की वाचा. पैसे गेले त्याचा राग आहेच, पण बाबा ज्या अवस्थेतली गाडी चालवत होते ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

गाडी 2008ची सँट्रो. री-पासिंग करून, ग्रीन टॅक्स भरून बाबा ती ठाण्यातल्या ठाण्यात वापरतात. पावसाळा संपता संपता सकाळी पहिल्यांदा स्टार्ट केल्यावर बॉनेटमधून पेट्रोलचा वास यायला लागला आणि सिग्नलला उभी असताना गाडी थरथरायची. बाबांनी ती घोडबंदर रोडवरच्या एका गॅरेजात दाखवली. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं आणि लगेच सांगून टाकलं, "काका, ई-20 पेट्रोलने इंजेक्टर खाल्ले. चारही नवीन टाकायला लागतील. अशीच चालवलीत तर गायमुखच्या घाटात पेट घेईल." (ई-20 म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आणि इंजेक्टर म्हणजे इंजिनात पेट्रोलचा फवारा सोडणारा भाग.)

बाबा घाबरले. अशा वेळी कोणीही घाबरेल. चार इंजेक्टर, सील किट आणि मजुरी धरून 18,600 रुपये घेतले. होलोग्राम लावलेलं कंपनीचं खोकं लांबूनच दाखवलं. पावती साध्या छापील पुस्तकातली, त्यावर जीएसटी नंबर नाही. जुने इंजेक्टर मागितले तर म्हणे भंगारवाला घेऊन गेला.

आता मूळ दुखणं काय होतं ते सांगते, कारण ते माहीत असलं तर अशी थाप पचत नाही. अशा गाडीत प्रत्येक इंजेक्टरला दोन रबरी रिंगा असतात. वरची फ्युएल रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, बसते आणि साधारण 3 बार दाबाचं पेट्रोल अडवते. खालची इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत, बसते आणि बाहेरची हवा आत जाऊ देत नाही. इंजिनच्या उष्णतेने वर्षानुवर्षं भाजून रबर कडक होतं, चिरतं. वरची गेली की पेट्रोल पाझरतं आणि वास येतो. खालची गेली की जास्तीची हवा ओढली जाते आणि आयडलिंग बिघडतं, म्हणजे गाडी उभ्या उभ्या थरथरते. आमच्या गाडीत दोन्ही लक्षणं होती. म्हणजे आधी संशय रिंगांवर घ्यायचा. रिंगांचा खर्च शेकड्यांत, इंजेक्टरचा हजारांत.

ई-20चं कारण संपूर्ण खोटं नाही, म्हणून ते चटकन पटतं. इथेनॉलमुळे जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग लवकर बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही 2025च्या ऑगस्टमध्ये सांगितलं होतं. पण त्यात उल्लेख रबरी भाग आणि गॅस्केटचा होता, तेही स्वस्तात आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होणारं काम म्हणून. त्यावरून चार इंजेक्टर बदलायला लावणं ही सरळ लूट आहे.

दिवाळीच्या आसपास वास परत आला, आधीपेक्षा उग्र. या वेळी मी गाडी सुरूच करू दिली नाही. कळव्याचे एक जुने मिस्त्री घरी आले. त्यांनी आधी बॅटरीची वायर काढली, रेलमधला दाब उतरवला आणि मगच इंजेक्टर ओढले. चारही इंजेक्टर जुनेच होते! नुसते धुऊन परत बसवले होते. हे मी ठामपणे म्हणू शकते, कारण काही वर्षांपूर्वी सर्व्हिसिंगच्या वेळी कुठला इंजेक्टर कुठल्या सिलिंडरचा ते कळावं म्हणून त्यांच्यावर पांढऱ्या पेंटचे ठिपके मारले होते. ते ठिपके तसेच होते, आणि त्या वेळचा फोटो माझ्या फोनमध्ये होता.

खालच्या रिंगा बदलल्याच नव्हत्या. वरच्या बदलल्या होत्या, पण कुठल्यातरी डब्यातल्या, मापाने जाड. जबरदस्तीने दाबताना एक कापली गेली होती, आणि ती गळू नये म्हणून वर सिलिकॉन सीलंट फासलं होतं. तेच सगळ्यात भयंकर. पेट्रोलपुढे ते सीलंट टिकत नाही, फुगून सुटतं, आणि खाली तापलेलं इंजिन असतं. घाटात गाडी पेटेल म्हणून ज्याने बाबांना घाबरवलं, त्यानेच ती पेटण्याची सोय करून ठेवली होती.

मिस्त्रींनी इंधनाला टिकणाऱ्या रबराच्या, योग्य मापाच्या आठ रिंगा टाकल्या. प्रत्येकीला इंजिन ऑइलचं बोट लावून, पीळ न पडता बसवली. मग किल्ली नुसती ऑन करून पंपाने दाब भरू दिला आणि टॉर्च मारून प्रत्येक सांधा बघितला. इंजिन त्यानंतरच सुरू केलं. तुमच्या गाडीचं काम झाल्यावर ही तपासणी तुमच्यासमोर करायला लावा. जो टाळेल त्याच्याकडून गाडी घेऊन रस्त्यावर जाऊ नका.

फोटो घेऊन मी त्या गॅरेजात गेले. "ताई, फोटो जुना असेल," एवढंच उत्तर मिळालं. नवीन इंजेक्टर कुठून आणले त्याचं खरेदीबिल मागितलं, ते नाही. खोक्यावरचा पार्ट नंबर मागितला, तोही नाही. तेवढ्यात दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला तसंच होलोग्रामवालं खोकं दाखवत होते.

इंजेक्टर बदलायचेच असतील तर खोकं हातात घ्या, त्यावरचा आणि इंजेक्टरवरचा नंबर जुळवा आणि काम सुरू होण्याआधी जुन्यांचे फोटो काढून ठेवा. जुने पार्ट परत हवेत हे गाडी देतानाच लिहून घ्या. महाराष्ट्रातला जीएसटी नंबर 27ने सुरू होतो आणि तो पोर्टलवर तपासता येतो.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915वर, तक्रार नोंदवली आहे. पावती, फोटो आणि मिस्त्रींनी लिहून दिलेला तपशील जोडला आहे. तिथे तड लागली नाही तर ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. तिथे वकील लावलाच पाहिजे असं नाही, दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी पडत नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. असा अनुभव तुम्हालाही आला असेल तर पावती, अगदी कच्ची असली तरी, फेकू नका.