पुस्तकातला जावा कोड एक्लिप्समध्ये: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

मी दिवसभर टेस्टिंगचं काम करते आणि डेव्हलपमेंटकडे वळायचं ठरवलंय. दिवाळीनंतर अप्पा बळवंत चौकातून जावा ८ वरचं एक जाडजूड पुस्तक आणलं. कोडची झिप फाईल प्रकाशकाच्या साइटवर अजून होती. लॅपटॉपवर एक्लिप्स २०२२-०९ (कोड लिहायचं आणि चालवायचं सॉफ्टवेअर) आधीपासून होतं. मनात म्हटलं, संध्याकाळपर्यंत पहिलं प्रकरण चालेल. चालायला नऊ दिवस लागले. त्यानंतरचे आठ महिने मात्र कोड रोज चालतोय. ते नऊ दिवस कुठे गेले हे कुणीतरी आधी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

इम्पोर्ट केल्यावर डावीकडच्या यादीत २३ प्रोजेक्ट आले आणि १९ वर लाल फुल्या. पहिलं जे हाती लागलं ते उघडलं, तर साधा लॅम्डा (नाव नसलेलं छोटं फंक्शन) लिहिलेल्या ओळीखाली लाल रेघ. पुस्तक जावा ८ चं, लॅम्डा आलेच जावा ८ मध्ये, २०१४ साली. मग अडतंय कुठे? प्रोजेक्टखाली जेआरई सिस्टिम लायब्ररीपुढे (प्रोजेक्ट कुठला जावा वापरतोय ते इथे दिसतं) चौकटी कंसात ‘जे२एसई-१.५’ असं लिहिलेलं होतं. म्हणजे एक्लिप्स तो कोड जावा ५ चा समजत होतं! मी बिल्ड पाथमध्ये जाऊन हाताने १.८ केलं, फुल्या गेल्या, जीव भांड्यात पडला. मग दुसऱ्या एका कामासाठी ऑल्ट आणि एफ५ दाबून मेव्हन (लायब्ररी आणून प्रोजेक्ट बांधणारं साधन) अपडेट केलं आणि सगळ्या फुल्या परत हजर. हे मी तीनदा केलं. दर वेळी वाटायचं की माझ्याच हातून काहीतरी राहतंय.

खरं कारण पॉम फाईलमध्ये, म्हणजे मेव्हनसाठीच्या सूचनांच्या फाईलमध्ये, होतं. तिथे मेव्हनच्या कंपायलर प्लगइनची ३.१ ही जुनी आवृत्ती पक्की लिहिलेली होती, पण जावा कुठला वापरायचा ते कुठेच नव्हतं. ही आवृत्ती, काही न सांगितल्यास, जावा १.५ धरते. मेव्हन अपडेट केलं की एक्लिप्स पॉम वाचून स्वतःची सेटिंग पुन्हा मांडतं, त्यामुळे हाताने केलेला बदल टिकत नाही. पॉमच्या प्रॉपर्टीजमध्ये कंपायलरचा सोर्स आणि टार्गेट १.८ अशा दोन ओळी घातल्या, एकदा अपडेट केलं, आणि १९ पैकी १४ प्रोजेक्ट स्वच्छ झाले. दोन ओळींसाठी पाच दिवस. लेखकाने त्या दोन ओळी घालायलाच हव्या होत्या, हे माझं ठाम मत आहे. नवशिक्याने भाषा शिकायची की बिल्डची भांडणं सोडवायची?

उरलेल्या पाचांपैकी दोघांच्या पॉममध्ये रिपॉझिटरीचा (मेव्हन जिथून लायब्ररी उतरवतं त्या जागेचा) पत्ता साध्या एचटीटीपीने सुरू होत होता. मेव्हन सेंट्रल या मुख्य रिपॉझिटरीने १५ जानेवारी २०२० पासून तसे पत्ते बंद केलेत आणि मेव्हनही ३.८.१ पासून ते आपणहून अडवतं. एक ‘एस’ वाढवला, काम झालं. आणखी दोन प्रोजेक्ट एक्सएमएलच्या प्रकरणातले. त्यांना जॅक्सबी (जावा आणि एक्सएमएल जोडणारी लायब्ररी) हवं, आणि ते जावा ११ मधून काढून टाकलंय. माझ्याकडे तेव्हा फक्त जावा १७ होता.

इथे एक गोष्ट नीट कळली आणि पुढचं सगळं सोपं झालं: एक्लिप्स स्वतः ज्या जावावर चालतं तो वेगळा आणि आपला कोड ज्यावर चालतो तो वेगळा. माझ्या एक्लिप्सला चालायला जावा १७ लागतोच, पण आतला प्रोजेक्ट खुशाल जावा ८ वर ठेवता येतो. टेमुरिनचा जेडीके ८ (जावाचा मोफत संच) उतरवला, प्रेफरन्सेसमध्ये ‘इन्स्टॉल्ड जेआरई’च्या यादीत घातला आणि पुस्तकाचे सगळे प्रोजेक्ट त्याच्याकडे वळवले. एक्सएमएलचे दोन्ही त्या रात्रीच चालले. पुस्तक ज्या आवृत्तीवर लिहिलंय, तीच आवृत्ती आधी लावा. नवा जावा शिकायचा असेल तर पुस्तक संपल्यावर शिका. दोन्ही एकदम करू नका.

आता सगळ्यात आवडलेला भाग. फाईल वाचायच्या प्रकरणातला एक प्रोग्राम प्रत्येक ओळीची लांबी छापतो. मी फाईलमध्ये फक्त ‘नमस्कार’ लिहिलं. डोळ्यांना चार अक्षरं दिसतात. एक्लिप्सने सांगितलं ७, म्हणजे हलन्त आणि काना वेगळे मोजून. बरोबर आहे. तोच प्रोग्राम कमांड प्रॉम्प्टवर चालवला तर २१! फाईल तीच, जावा तोच. एक्लिप्स प्रोग्राम सुरू करताना एन्कोडिंग (अक्षरं बाइट्समध्ये साठवायची पद्धत) यूटीएफ-८ असल्याचं स्वतःहून सांगतं. कमांड प्रॉम्प्टवर जावा ८ विंडोजचं जुनं एन्कोडिंग धरतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट्सचं, आणि जावा प्रत्येक बाइट सुटं अक्षर समजत होता. सात त्रिक एकवीस. फाइलरीडरऐवजी फाइल्स डॉट न्यूबफर्डरीडर वापरलं (ते यूटीएफ-८च धरतं) आणि दोन्हीकडे ७ आलं. जावा १८ पासून यूटीएफ-८ हेच मूळ एन्कोडिंग आहे, त्यामुळे नव्यांना हे भेटणार नाही. पण मराठी मजकुरावर काम करणाऱ्याने एकदा हे स्वतःच्या डोळ्यांनी बघावंच.

वेगाबद्दल: माझ्या ८ जीबीच्या लॅपटॉपवर २३ ही प्रोजेक्ट उघडे ठेवले की एक्लिप्स जड होतं. चालू प्रकरण सोडून बाकीचे ‘क्लोज प्रोजेक्ट’ करते, मग त्रास नाही. झिप सी ड्राइव्हवरच्या छोट्या नावाच्या फोल्डरात उघडली, कारण आत फोल्डरांची उतरंड मोठी होती आणि विंडोजची २६० अक्षरांची मर्यादा आड आली असती. आणि कोड उतरवल्याबरोबर, काहीही न बदलता, गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) पहिलं कमिट, म्हणजे पहिली नोंद, केलं. ही सवय मला टेस्टिंगच्या कामाने लावली. काही बिघडलं की मूळ आणि माझं शेजारी-शेजारी ठेवून बघता येतं. पॉमची गोची अखेर तशीच सापडली.

तेविसावा प्रोजेक्ट जावाएफएक्सचा (खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी). तो टेमुरिनवर चालेना, कारण त्या जेडीके ८ मध्ये जावाएफएक्स नसतं. गेल्या आठवड्यात लिबेरिकाचा जेडीके ८, ‘फुल’ लिहिलेला (त्यात जावाएफएक्स असतं), उतरवला आणि फक्त त्या एका प्रोजेक्टला लावला. खिडकी उघडली, बटण दाबलं, आकडा वाढला. यादीत आता एकही लाल फुली नाही.