'वरिजनल' गिअर ऑइल मला १४,६८० रुपयांना पडलं

धुळ्यातून गाडीचं ऑइल आणणाऱ्यांनी हे वाचा. दुकानाचं नाव इथे टाकत नाही. ज्याला हवं त्याने समोर भेटावं, सांगतो.

मी अमळनेरचा. गाडी २०१३ ची, पेट्रोल, पाच गिअरवाली. शोरूमने गिअर ऑइल बदलायचे २,८५० सांगितले. दोन बोल्ट खोलायचे आणि तेल भरायचं, एवढंच काम. भाचा डिप्लोमावाला, पाने घरात होते, मग घरीच करायचं ठरलं. हा कंजूषपणा नव्हे. आधी शोरूममध्ये 'बदललं' म्हणून बिल लावलेलं तेल बोल्टवरची धूळसुद्धा न हलता कसं बदललं गेलं, ते मी पाहून चुकलोय.

पुस्तिकेत ७५डब्ल्यू-८० (तेल किती पातळ-घट्ट ते), जीएल-४ (गिअर ऑइलचा दर्जा) लिहिलेलं. लिटरच्या बाटलीवर छापील किंमत ५६०, धुळ्याच्या दुकानदाराने लावली ४२०. तीन बाटल्यांचे १,२६०. मी विचारलं, एवढं स्वस्त कसं? तर म्हणे, "कंपनीतून डायरेक्ट माल शे भाऊ, वरिजनल. लई जा, काय होत नही." होलसेलच्या दुकानात एवढी सूट मिळते, हे तुम्हीही जाणता. बिल मागितलं तर वहीचं पान फाडून आकडे लिहून दिले. घाईत होतो, घेतलं.

आता ती वेळ, जी आठवली की अजून डोकं फिरतं. आधी फिलरचा, म्हणजे तेल भरायचा वरचा बोल्ट सैल केला (हे सगळ्यांनी करा, खालचा आधी उघडला आणि वरचा जाम निघाला तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसाल), मग ड्रेन उघडला. जुनं काळं तेल घमेल्यात पडलं आणि तो ओळखीचा गंधकाचा घाण वास अंगणभर सुटला. बोल्टच्या चुंबकावर राखाडी लेप होता, तेवढा चालतो. तेलात पितळी कण असते तर काळजी. मग नवी बाटली उघडली. झाकणाखालची रिंग तुटायला हवी होती, ती झाकणासोबत गरगर फिरत अख्खी वर आली. भाच्याने बाटली नाकाशी धरली आणि म्हणाला, "मामा, जुन्याला वास येतोय आन् नव्याला नाही, हे उलटं कसं?"

उलटंच होतं! दातांवर दाब सहन करायला गिअर ऑइलमध्ये गंधकाची रसायनं घालतात, वास त्याचाच. पोराला एका सेकंदात कळलं. मी म्हणालो, "सिंथेटिक असेल, भर." तेव्हा हातात पाना, खाली उघडा गिअरबॉक्स आणि घरात दुसरं तेल नाही. त्या अवस्थेत कोणी काय केलं असतं, सांगा.

पुढची खूणही तिथेच होती. आमच्या गिअरबॉक्सला सव्वादोन लिटर लागतं. फिलरच्या भोकातून तेल परत वाहेपर्यंत भरायचं, गाडी सपाट ठेवून. तिसरी बाटली निम्मी संपली तेव्हा कुठे ते वाहिलं. नंतर उरलेलं मापात ओतून हिशेब लावला, तर एकेका बाटलीत ९०० मिली! म्हणजे तेल खोटं आणि मापही खोटं.

उन्हाळाभर गाडी चालली. मग चाळीसगाव सोडून कन्नडचा घाट चढताना तिसऱ्यावरून दुसरा टाकला की करकर. घरी येईपर्यंत दुसरा गिअर बसेनासाच झाला. मेकॅनिकने गिअरबॉक्स उतरवला: दुसऱ्याची सिंक्रो रिंग (गिअर अलगद बसवणारी पितळी रिंग) गेली, एक बेअरिंग वाजत होतं. आतलं तेल बोटावर घेऊन म्हणाला, हे गिअरचं तेलच नाही, जळकं इंजिन ऑइल गाळून भरलंय. रिंग आधीपासून थोडी झिजलेली असेल, असंही म्हणाला. असेलही. पण करकर याच तेलानंतर सुरू झाली.

हिशेब: बाटल्या १,२६०, वॉशर आणि नळी १२०, मजुरी ६,२००, पार्ट ५,४५०, खरं तेल १,६५०. बेरीज १४,६८०. वाचवायला निघालो होतो २,८५०.

आता साहेब लोकांचं ऐका. दुकानदार म्हणे, हा माल आमचा नाहीच, वहीच्या पानावर नाव दाखवा. अमळनेरला पोलीस म्हणाले, दुकान धुळ्यात, तिकडे जा. धुळ्यात म्हणाले, तुम्ही जळगाव जिल्ह्याचे, आणि नकली मालाची तक्रार कंपनीने द्यावी लागते. अहो, ट्रेडमार्क कायदा १९९९ चा, नकली माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद लिहिलीये त्यात. फसवणुकीचं ३१८ कलम न्याय संहितेत आहे. मी काय कंपनीच्या वतीने रडत होतो? माझे पैसे गेले! अर्ज ठेवून घेतला, पोच मागितली तर "शिक्का साहेबांकडे आहे, साहेब बंदोबस्ताला". वजनमापवाले म्हणाले, सील फोडलेल्या बाटलीचं माप आम्ही कसं धरणार? अरे, सील न फोडता आतलं तेल मोजायचं कसं, तेही सांगा! कंपनीने बॅच नंबरचे फोटो मागवले, मी पाठवले, पुढे शुकशुकाट. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर ताईंनी नीट ऐकलं, तक्रारीचा नंबर दिला आणि ग्राहक आयोगात जा म्हणाल्या.

तिथे मात्र एक कामाची गोष्ट कळली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे मला जळगाव चालतं. पाच लाखांपर्यंत फी नाही. पण समोरचा कोण, हे दाखवायला पक्कं बिल लागतं. जीएसटी नंबर नसलेलं बिल घेऊन पैसे देऊ नका, कितीही ओळखीचा असला तरी. मी पैसे यूपीआयने दिले होते, आता त्या खात्याच्या नावावरच सगळं अडून आहे.

आणि रिकाम्या बाटल्या भंगारवाल्याला अख्ख्या विकू नका, चाकूने फाडा. हा माल त्याच बाटल्यांत भरतात. जीएल-५ 'वरच्या नंबरचं' म्हणून कोणी गळ्यात मारलं तर तेही घेऊ नका. जीएल-४ सांगितलेल्या गिअरबॉक्सच्या पितळी रिंगांना ते मानवत नाही. बाटली दुकानातच फिरवून पाहा: पत्ता, महिना-वर्ष, ग्राहक सेवेचा नंबर, तीनही बाटल्यांची छपाई सारखी आहे का. माझ्या तिसरीवर पिनकोडच पाच आकडी होता. तो मला गाडी उघडल्यावर दिसला.

ती उरलेली अर्धी बाटली मी ठेवलीये, झाकणाच्या अख्ख्या रिंगेसकट. त्याच दुकानातून कोणी घेतलं असेल आणि तुमच्या बाटलीवरही पाच आकडी पिनकोड असेल तर मला कळवा. दोन-चार जण असलो की एकाच तक्रारीत सगळ्यांना घालता येतं का, ते वकिलाला विचारून ठेवतो.