बियालेत्ती मोका एक्स्प्रेस, तीन कप: आपल्या गॅसवर कसा चालतो

कडक कॉफी हवी आहे, पण एस्प्रेसो मशीनवर पैसे घालायचे नाहीत, अशांसाठी हे भांडं अजूनही पहिल्या पसंतीचं. इटलीत १९३३ साली आलेलं हे अष्टकोनी ॲल्युमिनियम आजही जवळजवळ तसंच आहे. खाली पाणी, मधल्या चाळणीत पूड; गॅसवर ठेवलं की दाबाने पाणी पुडीतून वरच्या भागात चढतं आणि कॉफी होते. पण ‘तीन कप’ या आकड्याला फसू नका. हे कप इटालियन आहेत. खालच्या भागात साधारण १५० मिली पाणी, चाळणीत १५-१६ ग्रॅम पूड आणि हातात येणारी कॉफी शंभर-सव्वाशे मिली. दूध घालून पिणाऱ्या दोघांना तेवढी पुरते. पाहुण्यांचा विचार करून सहा कपांचा घेऊ नये. मोका पॉट अर्धा भरून नीट चालत नाही, चाळणी कायम पूर्णच भरावी लागते.

दाब जेमतेम एक-दोन बार असतो, एस्प्रेसोत तो नऊच्या आसपास. त्यामुळे वर दाट फेस येणार नाही. फेस येतो असं दुकानदार म्हणाला तर हसून सोडून द्यावं.

खरी गोची पुडीची. फिल्टर कॉफीचं नेहमीचं पुडकं यात घालू नका. आपल्याकडे कॉफी-चिकोरी मिश्रणात ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते. ती पाण्यात भराभर विरघळून चिकट होते आणि चाळणी तुंबवते. शुद्ध कॉफी घ्या, दळण बारीक रव्याइतकं. मिक्सरवर दळलं तर धूळ आणि खडे दोन्ही निघतात. अशा वेळी थांबून थांबून फिरवावं आणि मैद्याच्या चाळणीतून खाली पडेल ती धूळ टाकून द्यावी. हाताने फिरवायचा ग्राइंडर मिळाला तर हा खटाटोप वाचतो. दुधासाठी मध्यम भाजणीची चिकमगळूर किंवा मॉन्सून्ड मलबार (पावसाळी वाऱ्यात मुरवलेल्या बियांची) छान लागते, आंबटपणा कमी असतो. हलक्या भाजणीची अराकू (आंध्रातल्या अराकू खोऱ्यातली कॉफी) कोरी प्यायची असेल तर खाली उकळतं पाणी भरा, नाहीतर ती आंबट आणि कच्ची लागते. गडद भाजणीला मात्र साधं पाणीच बरं. गरम पाण्याने तिचा कडूपणा उगाच वाढतो.

पाणी जादा वाफ सोडणाऱ्या बाजूच्या व्हॉल्व्हच्या खालपर्यंतच. पूड सपाट करा, दाबू नका. चाळणीच्या काठावर पुडीचे कण राहिले तर पुसा, नाहीतर आट्यांतून वाफ निसटते. आवळताना हँडल धरू नये, ते तिथेच ढिलं होतं. पाणी उकळतं असेल तर खालचा भाग फडक्यात धरा.

आता आपली शेगडी. बूड लहान असल्याने भांडं बर्नरच्या चार दांड्यांवर डुगडुगतं, आणि मोठ्या ज्योतीने हँडल वितळतं. सगळ्यात लहान बर्नर, वर छोट्या भांड्यांसाठी मिळणारी जाळी आणि बुडाबाहेर न येणारी ज्योत, एवढं हवंच. इंडक्शनवर ॲल्युमिनियमचा हा पॉट चालत नाही. त्यासाठी याच कंपनीचा स्टीलचा ‘व्हीनस’ पाहावा.

झाकण उघडं ठेवून पाहत राहा. आधी गडद, दाट धार येते, मग ती मधाच्या रंगावर जाते. फिकट होऊन फुरफुरायला लागली की लगेच उतरवून बूड नळाखाली धरा. त्यानंतर येते ती वाफेने जाळलेली कडू कॉफी. सुरुवातीची धार घट्ट आणि शेवटची पातळ असते, म्हणून ओतण्याआधी चमच्याने ढवळा. जायफळ दुधात किसून घाला, चाळणीत कधीच नको.

वर काहीच येत नाही आणि व्हॉल्व्ह सुस्कारे टाकतोय, तर गॅस बंद करा आणि पॉट पूर्ण गार होईपर्यंत उघडू नका. दळण फार बारीक झालं किंवा पूड दाबली गेली, हेच कारण बहुतेक वेळा असतं. उलट, काही सेकंदांत सगळं भसकन वर येऊन चव पाणचट लागली तर दळण जाड आहे किंवा आच मोठी.

नव्या पॉटच्या पहिल्या दोन-तीन कॉफ्या ओतून द्या, त्यांना धातूची चव असते. धुताना तारेची घासणी, चिंच, पितांबरी आणि डिशवॉशर चारही वर्ज्य. कोमट पाणी आणि हात पुरेत. ओला पॉट आवळून ठेवला तर आत पांढरे डाग धरतात. बोअरचं जड पाणी वापरलं तर व्हॉल्व्हमध्ये क्षार साचतात, म्हणून प्यायचं फिल्टरचं पाणी वापरावं.

दोन भागांच्या सांध्यातलं रबरी कडं, म्हणजे गॅस्केट, कालांतराने कडक होतंच आणि बदलावं लागतं. ॲल्युमिनियम आणि स्टीलच्या पॉटची गॅस्केट सहसा एकमेकांना बसत नाहीत. स्वस्त नकला कॉफी वाईट करतात असं नाही, पण त्यांचे सुटे भाग मिळणं कठीण. दुकानात आधी जादा गॅस्केट आणि चाळणी मागून पाहा. ती नसली तर तो पॉट तिथेच ठेवा.